पोटगी नव्हे

कार्ल्सरूहेच्या ट्राममध्ये मागच्या बाकावर अस्सल मराठी ऐकू आलं आणि मालिनीताईंचा मनातला जप थांबला. कोर्टाच्या थांब्यावर चढलेल्या मायलेकी होत्या.

"घटस्फोट झाला एकदाचा. पण कौमुदी, पोटगीचं काय म्हणाला जज? तुझ्या आत्याचा फोन येईलच, आता पोटगीवर जगणार का म्हणून टोमणा मारायला."

"पोटगी नाही गं आई. टोबियासच्या लष्करातल्या पेन्शनची वाटणी. लग्न होतं तेवढ्या वर्षांतलं अर्धं माझं."

"तू मागितलंस? त्याच्या तोंडावर?"

"मागावंच लागलं नाही. इथे कोर्ट आपणहून वाटून देतं. महिनाभर उगाच मागायचं कसं त्याची तालीम करत बसले."

"तो चिडला असेल."

"नाही. म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, माझ्या दर बदलीला नोकरी हिनेच सोडली."

"हातात कधी येणार?"

"म्हातारी झाल्यावर. पण थेट मला, त्याच्या हातून नाही."

"आणि तुझ्या नोकरीचं पेन्शन?"

"त्यातलं अर्धं त्याला."

"त्या मेल्याला कशाला?"

"वाटणी आहे, आई."

"भावाभावांत होते तशी?"

"तशीच."

"मग तुझ्या आत्याच्या फोनची वाट कशाला बघू? मीच लावते."