आधी उचला

साहेबराव : असं न्हाई, सिस्टर. पट्टी खालनं घ्या, जबड्याच्या खालनं. आता नाकावर एक गाठ. हां. आता दोन्ही टोकं कानामागं न्या अन् तिथं बांधा. दुखायला लागलं की घरचं कुत्रं बी चावतं.

सोजरबाई : राणीचे डोळे बगा की कसे झालेत. नव्या नवरीचं नाक टोचायलेत जनू.

सिस्टर : राणी शहाणी आहे. बसली बघा गाठ. साहेबराव, हा आपला पहिला धडा. 'जखमी कुत्र्याला हात लावण्यापूर्वी त्याचे तोंड बांधावे.' ठीक?

साहेबराव : व्हय. पलटणीत बी आमाला पयलं हेच शिकिवलं.

सोजरबाई : मी हितं आया म्हनून लागले, तवा कुनी सांगितलं असतं की एक दिवस कंपनीच्या ह्या दवाखान्यात कुत्र्याची शाळा भरंल, तर पदर तोंडाला लावून हासले असते.

सिस्टर : शाळा वॉचमन लोकांची आहे, कुत्र्यांची नाही. सोमवारी भरणार. बहादूर कुत्रा मेला तेव्हाच सिक्युरिटीच्या साहेबांनी हुकूम काढला, 'कुत्र्यांचे प्रथमोपचार सगळ्या वॉचमनना आलेच पाहिजेत, धडे तुम्ही दोघांनी मिळून तयार करा.'

सोजरबाई : त्यो रंगखात्यातला पोरगा भोवळ येऊन पडला, तवा चौघांनी हातापायाला धरून आनला. स्ट्रेचर मागितलं होतं तुमी. आलं का?

सिस्टर : आलं की. काल आलं.

सोजरबाई : ते कुत्र्यांचं.

सिस्टर : स्ट्रेचर ते स्ट्रेचर, सोजरबाई. त्यावर नाव लिहिलेलं नसतं. उकळलेली पातेली उतरवा जरा.

सोजरबाई : उतरवते. आज मला लवकर सोडा बरं का. घरी पाचवी हाय. सटवाईची पूजा मांडायची, पाटा धुवायचाय, अजून लिंबाचा पाला आनायचा.

साहेबराव : नातू झाला म्हनं, मावशी. पेढं कुठं हायेत?

सोजरबाई : नातू बाराव्याला बगायचा, पेढे बी तवाच. आता नजर लागती. आधीच मोठ्या नातीनं जीव घेतलाय माझा.

सिस्टर : मंजुळीनं? काय झालं तिला?

सोजरबाई : काय व्हायलंय, हेवा! बाळ झालं, तशी तिला झोळीतून खाली उतरवली. आता थोरली झाली ना ती. त्या दिवसापासून खोकायली. रातभर खोकती, डोळे चोळती, लाल भडक झालेत. मी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. हळद-दूध दिलं. काई फरक नाई.

सिस्टर : उद्या घेऊन या तिला. बघते. बरं, साहेबराव, दुसरा धडा. विषबाधा. साहेब म्हणतात, बहादूरला कुणीतरी भिंतीवरून मटणातून विष टाकलं. तेव्हा ह्या धड्यावर भर द्या, असं म्हणालेत. बहादूरला काय काय झालं ते मला नीट सांगा, म्हणजे लक्षणं तीच लिहिता येतील.

साहेबराव : काय सांगू. तिसरी पाळी सुटायच्या सुमाराला म्या त्याला सोडाया गेलो. त्यो आडवा पडल्याला. खोकत व्हता, हाडूक घशात अडकल्यावानी. तोंडाला फेस. जीभ जांभळासारखी निळी.

सिस्टर : उलटी?

साहेबराव : न्हाई.

सिस्टर : आचके? पाय ताठ होणं, झटके देणं?

साहेबराव : न्हाई. नुसती धाप. म्या त्याच्या घशात मनगटापातूर हात घातला, हाडूक काई गावलं न्हाई. मग तितंच खाली बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन हाका मारल्या. त्यो माझ्याकडं बघत व्हता. माझ्या डोळ्यांतनं पानी थांबंना. सरहद्दीवर दोस्त गेला माझा, तवा न्हाई आलं पानी. अन् कुत्र्यापायी येतंय, घसा बी दाटून आला, खोकला लागला. मनात म्हनलं, साहेबराव, म्हातारा झालास.

सिस्टर : तुम्हालाही खोकला लागला?

साहेबराव : दोन दिवस व्हता. रडल्यानं आसंल.

सिस्टर : रडल्यानं दोन दिवस खोकला येत नाही हो. बहादूरच्या शेजारी दुसरं कुठलं कुत्रं झोपतं?

साहेबराव : मेजर. त्यालाबी तसंच झालं, पर त्यो वाचला. त्याला उचलून म्या पान्याच्या टाकीच्या जिन्यावर नेला. तितं राणी आसती ना. दोघांचं लय गूळपीठ. राणीनं चाटलं, तसा थोड्या येळात श्वास घ्याया लागला.

सिस्टर : आणि राणीला काहीच नाही झालं?

साहेबराव : ही कुठली खाली झोपतीय! हिला थंड फरशी आवडती, ही जिन्यावरच आसती. कुत्र्यांची खोली साहेबांनी खालच्या अंगाला बांधली, खड्ड्यात, मागच्या भिंतीला लागून. उन्हाळ्यात गार राहतं म्हनून. पायऱ्या उतरून जावं लागतं.

सिस्टर : खड्ड्यात. आणि जवळच त्या मोठ्या टाक्या.

साहेबराव : वर, कडंला. क्लोरीनच्या. का वो?

सिस्टर : जरा थांबा. टाक्या कधी बदलतात?

साहेबराव : संपल्या की. उजाडायच्या आधी, गर्दी नसती तवा. बहादूर गेला त्या पहाटंबी बदलली व्हती. वास येत व्हता. म्या इंजिनेर साहेबाला सांगितलं बी, साहेब वास मारतोय. त्यो म्हनला, गटाराचा आसंल. दुसऱ्या दिवशी समद्या गटारात पांढरी पावडर टाकायला लावली. आता सारखाच तसला वास येतो, मग कोन कुनाला काय इचारतंय.

सोजरबाई : आमच्या मागं बी येतोय. विहिरीत टाकत्यात त्या पावडरीचा. मला वाटलं, बरं झालं, डास तरी जातील.

सिस्टर : सोजरबाई, तुमच्या मागं कुठं?

सोजरबाई : कंपनीच्या भिंतीला जे भोक हाय ना गटाराचं, ते आमच्या झोपड्यांच्या मागंच निगतं. खाली वढ्याला जातं. दुष्काळात गावाकडून आलो, तवा तेवढीच जागा मोकळी होती. पानी साचतं म्हनून कुनी राहत नव्हतं तितं.

सिस्टर : म्हणजे कुत्र्यांच्या खोलीच्या बरोबर पलीकडे. आणि आणखी खाली.

साहेबराव : व्हय. भित्ताड मधी.

सिस्टर : मी इथं लागले तेव्हा कंपनीच्या केमिस्टनी एकदा सांगितलं होतं. तेव्हा मी नुसती मान हलवली. म्हणाले, हा गॅस हवेपेक्षा जड आहे, सिस्टर. वर जात नाही. पाण्यासारखा उतार बघत जातो आणि खोलगट जागी जाऊन बसतो. साहेबराव, बहादूरला कुणी विष टाकलं नाही. तो खाली होता, एवढंच झालं. मेजरला राणीनं चाटून वाचवलं नाही. तुम्ही त्याला उचलून वर नेलंत, म्हणून तो वाचला.

साहेबराव : अन् म्या बहादूरला मांडीवर घेऊन तितंच बसलो.

सिस्टर : तुम्हाला काय माहीत.

साहेबराव : उचलला आसता तर…

सिस्टर : साहेबराव. आत्ता ते नको.

सोजरबाई : सिस्टरबाई, जड म्हंजे किती खाली राहतो हो त्यो? गुडघ्याएवढा? कमरंएवढा?

सिस्टर : थोडा सुटला तर जमिनीलगत. का?

सोजरबाई : सून बाजेवर हाय. बाळंतीण ना, खाली शेगडी ठेवतो. बाळ झोळीत हाय, वर आढ्याला टांगलेलं. दोघांना काई नाई. मला बी काई नाई, मी रातभर बसूनच असते, बाळाला शेक देत. आन ती…

सिस्टर : मंजुळी खाली झोपते.

सोजरबाई : गोधडीवर. मागच्या कुडाला लागून. तितं जरा गार लागतं म्हनून मीच टाकली तिला. आता गं माय. मी तिला चापट मारली हो काल. म्हनलं, भावाचा किती हेवा करशील.

सिस्टर : सोजरबाई, बसा. पाणी प्या. अजून काही झालेलं नाही. पोरगी खोकते म्हणजे थोडाच गेला असणार तिच्या छातीत. आता आपल्याला कळलंय ना. पुढची टाकी बदलायच्या आधी त्यांना गळती दुरुस्त करायला लावू.

साहेबराव : सिस्टर, नव्या टाक्या सकाळीच आल्या. म्या फाटकावर होतो. ट्रकचा डायवर म्हनत होता, आज रातीच बदलायच्यात. अन् वारं बगा, पार पडलंय. पान हलंना.

सिस्टर : फोन द्या इकडे.

साहेबराव : इंजिनेर साहेब पुन्याला गेल्यात, लग्नाला.

सिस्टर : मग सिक्युरिटीच्या साहेबांना लावते.

सोजरबाई : सिस्टरबाई, एक सांगू? आमचं नाव काढू नका. भिंतीला लागून झोपड्या कशाला बांधल्या, म्हनून उद्या आमच्यावरच बुलडोझर आनतील. कुत्र्यांसाठी म्हनून सांगा. ऐकतील.

(सिस्टर फोन फिरवतात.)

सिस्टर : हॅलो, साहेब, दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. हो, धडे चालले आहेत, सोमवारपर्यंत होतील. साहेब, कुत्र्यांचं कारण सापडलं. विष नाही. क्लोरीन गळतोय, टाकी बदलताना. कुत्री खड्ड्यात असतात, तिथं तो साचतो. हो. हो, खात्री आहे. साहेबरावांनाही त्रास झाला होता. हो साहेब. हो, किमती कुत्री आहेत. पण साहेब, आज रात्री टाकी बदलायची आहे म्हणे, ती जर सकाळपर्यंत… अच्छा. उत्पादन. नाही, ते माझ्या खात्यात नाही, मान्य आहे. पण साहेब, तो गॅस फक्त कुत्र्यांनाच… हॅलो? बरं. सांगते त्यांना.

साहेबराव : काय म्हनले?

सिस्टर : म्हणाले, फार चांगलं काम केलंत. कुत्री आत्ताच्या आत्ता वरच्या शेडमध्ये हलवा. साहेबरावांना रात्रभर त्यांच्यापाशी थांबायला सांगा.

साहेबराव : अन् टाकी?

सिस्टर : टाकी आज बदलणार. गळतीचं इंजिनीअर साहेब आल्यावर बघू म्हणाले.

सोजरबाई : कुत्री सुटली म्हनायची.

सिस्टर : मी आत्ता मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर जाते. नाही भेटले तर तिथंच पायरीवर बसते. पण त्यांच्या भरवशावर आपण नको राहायला. सोजरबाई, सगळ्यांना घेऊन माझ्या खोलीवर चला. पिंपरीत. लहान आहे, पण माडीवर आहे.

सोजरबाई : ओली बाळंतीण कुठं हलवू? तिला अजून उठून बसता येत नाई, बसमधी कशी चढवू? आन आज पाचवी. आज बाळाचं घर सोडत नसत्यात, सिस्टरबाई. आज सटवाई येती कपाळी लिहायला. बाळ घरात नाई दिसलं तर…

सिस्टर : आमच्या घरी कुणी सटवाई मानत नाही. बाबासाहेबांनंतर आईनं पाटा पुजणं सोडलं. तरी माझ्या कपाळावर काहीतरी लिहिलं गेलंच ना?

सोजरबाई : तुमचं तुमी शिकून लिहिलंत. माझी सून नाई ऐकायची. तिची आई आलीय गावाहून, ती तर अजिबात नाई. आन लेक पाळीवर हाय, सकाळशिवाय येत नाई. मंजुळीला एकटीला आनावं तर ती आईला सोडून राहत नाई.

साहेबराव : मावशी, म्या येतो. टाकी बदलायच्या आधी फाटकातनं निसटतो, तुमा समद्यांना जागं करतो. बाळंतिणीला ह्याच स्ट्रेचरवर घालू, वर रस्त्यावर काढू. बाकीच्या झोपड्यांना बी उठवू.

सोजरबाई : तुला कुत्र्यांपाशी थांबायला सांगितलंय.

साहेबराव : थांबंल राणी. तिला कळतं.

सोजरबाई : आन तुला सायेबानं बघितलं तर?

साहेबराव : मग नोकरी जाईल. आधी बी गेलीय एकदा.

सोजरबाई : आन तू यायच्या आधीच बदलली तर?

(साहेबराव स्ट्रेचर उचलून सोजरबाईंपुढं आणून ठेवतात.)

सिस्टर : सोजरबाई, ऐका. स्ट्रेचर घेऊन जा, आत्ताच. कुणी विचारलं तर सांगा, सिस्टरनी धुवायला दिलंय. घरी गेल्या गेल्या मागचा कूड ओल्या गोधडीनं बंद करा, खालून. जमिनीवर कुणालाही झोपू देऊ नका, शेजारच्यांनाही सांगा. वास आला की वाट बघायची नाही, उचलायचं आणि वर चढायचं. ओढ्याकडे कुणी पळू नका.

साहेबराव : सिस्टर, मग सोमवारच्या वर्गाला काय सांगू? पयला धडा तोंड बांधायचा, दुसरा इखाचा…

सिस्टर : दोन्ही काढून टाका. पहिला धडा, आधी उचला. मग बाकीचं.

सोजरबाई : पाटा कुठं मांडू मग? पूजा तर जमिनीवरच असती.

सिस्टर : मांडा. दिवा लावा, लिंब ठेवा, सगळं करा. फक्त रात्री बाळाला आईच्या कुशीत द्या, बाजेवर. आणि मंजुळीला झोळीत घाला.

सोजरबाई : मंजुळीला? तिचे पाय बाहेर येत्यात आता, सिस्टरबाई.

सिस्टर : येऊ देत.