सदर चटणीबाबत

हॅलो?… आत्या, मी स्वप्नील… हो, जेवलो… अगं ऐक ना, काय जेवलो ते नंतर सांगतो. लेबलचं काम अडलंय.

चटणीच्या बाटलीवरचं लेबल. सोमवारी आपली वेबसाइट सुरू होतेय, एकशे चाळीस जणांनी आधीच नावं नोंदवलीत, आणि छापणारा विचारतोय यात काय काय घातलंय. कायद्यानं लिहावं लागतं… सांगितलं ना त्याला, सुके बोंबील. तो म्हणाला ते वासावरून कळलं, पुढचं सांगा… हं, तर पुढचं सांग.

का नाही?

हो, करारावर सही केलीस. मीच करून घेतली. चटणीची कृती कोणालाही सांगायची नाही, मीच म्हणालो होतो… पण ते चोरांसाठी होतं, आत्या. मी भाचा आहे… कलम चार माहितीये मला… नाही, पूर्ण वाचलेलं नाही. इंटरनेटवरून उतरवून मराठीत केलं होतं. असलं काही वाचणारी तू एकटीच निघालीस… हो, एकतीस वर्षं फोर्टात सॉलिसिटरकडे टाइपिंग. माहितीये.

'कोणत्याही व्यक्तीस.' बरं. पण कंपनी माझीच आहे ना?… कंपनी वेगळी व्यक्ती, मी वेगळी व्यक्ती. ठीक आहे, मग कंपनीला सांग… आत्या, कंपनीला कान नाहीत. ती माझेच वापरते… तसा ठराव कुठंय म्हणजे? कानांचा ठराव?

काय? लिहून पाठवलीस? मग आधी बोलायचं ना… कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, सीलबंद, स्पीड पोस्टानं. उत्तम. आणि पत्ता… हो, तो तुमच्याच घरचा दिलाय. माझा परळचा घरमालक संमतीपत्र देईना म्हणून… म्हणजे तू लालबागच्या पोस्टात जाऊन स्वतःलाच पत्र टाकलंस. आणि घेतलंस पण तूच… 'कंपनीकरिता.' छान. मग फोड ना… कंपनीचं पत्र. दोन्ही संचालकांच्या संमतीशिवाय नाही. हो, चुकलंच माझं.

आत्ता कुठंय?… फ्रिजवर, लग्नपत्रिकांखाली. बरं.

एक संचालक मी. दुसरे आपले काकाच ना? दे त्यांना… झोपलेत? आत्ता, दुपारी बारा वाजता?… रुसलेत. कशावरून?

कलम सात. 'सदर चटणी इतर कोणाकरिताही बनवू नये.' अगं, इतर कोणी म्हणजे दुसरी कंपनी. नवरा नव्हे… एकवीस दिवस? एकवीस दिवस काका नुसत्या डाळभातावर?

दारावर कोण आलंय ते बघ तू. नको, फोन कट करू नकोस. काकांच्या हातात दे.

हॅलो, काका?… हो, तोच मी, ज्याच्यामुळे चटणी बंद झाली… ऐका ना, तुम्ही संचालक आहात… कंपनीचे. त्या दिवशी आधार कार्ड मागितलं होतं, ते त्यासाठी… पगार नाही. चटणी आहे. रोज एक वाटी, चव तपासायला म्हणून. आयुष्यभर… हो, शीग लावून भरलेली. झाली मग आपली सभा, ठराव एकमतानं मंजूर. फ्रिजवरचं पाकीट फोडा.

वाचा… मोठ्यानं वाचा, मी लिहून घेतोय. 'घटकपदार्थ.' हं… 'सदर चटणी मी कधीही बनवलेली नाही.'

…पुढं वाचा, काका. 'सदर चटणी तिसऱ्या मजल्यावरील सीमा हिच्याकडून विवाहाच्या दुसऱ्या वर्षापासून वाटीने आणत असे.' हं. 'सदर सीमा गेल्या महिन्यात बदलापूर येथे राहावयास गेली असल्याने…' काका?… काका, आहात ना?

आत्या, तू?… हो, वाचलं… मोठ्यानं. मीच सांगितलं होतं… कागदावर खोटं लिहवेना, समजू शकतो. पण तोंडी तरी मला सांगायचंस… म्हणून कलम चार. आणि सातही… सदतीस वर्षं? आत्या, माझ्या कंपनीचं गुपित तू सदतीस वर्षं करार न करता सांभाळलंस. करार केला आणि महिन्याभरात फुटलं.

रडू नकोस गं… काका करतायत काय?… शर्ट घालतायत. कुठला?… लग्नाकार्याचा. कुठं निघाले?

बदलापूरला. रिकामा डबा घेऊन.

केवढा डबा?… मग चिडलेले नाहीत ते. चिडलेला माणूस छोटा डबा नेतो… अगं, तूही जा की त्यांच्याबरोबर. कराराची एक कोरी प्रत घे, सीमामावशीची सही घेऊन या. फक्त आधी कलम चार खोडा… मला चालेल तसं. पेननंच खोडा… खोडलेल्या जागी दोन्ही पक्षांच्या सह्या लागतात?

…बरं. काकांना म्हणावं, दादरला थांबा. मीही डबा घेऊन निघतो. ठेवतो.