आणि पडलीस तर?

...नाही, पण मी म्हणते, माणूस पडेल म्हणून त्याला काय उभंच राहू द्यायचं नाही? तुम्हाला सांगते, एक्याऐंशी वय माझं, जन्मभर या विस्कॉन्सिनच्या बर्फात शाळेची बस चालवली, एका पोराला कधी खरचटू दिलं नाही, आणि माझा मुलगा क्रेग, स्वतः आजोबा झालाय, तो मला विचारतो, "आई, आणि पडलीस तर?"

झालं काय, माझं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे होममध्ये राहा." होम म्हणजे आजारी, म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात ती जागा. दोन आठवडे! तीन हिवाळे काढले हो तिथे! माणसं वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोलू... पण खुर्चीला भोंगा! बूड जरा उचललं की केकाटायचा, की आल्याच दोघी नर्स धावत, "बसा, आर्डिस, बसा, पडाल!" अहो, खिडकीत लाल पक्षी आलाय, तो बघायला उठले! आणि तिथेही पडलेच की मी, दोनदा! पण तिथलं पडणं चालतं बरं का!

मग एक दिवस सरकारकडून एक मुलगी आली. माझ्याशेजारी बसली, क्रेगशेजारी नाही हं, माझ्याशेजारी, आणि म्हणाली, "आर्डिस, तुम्हाला कुठे राहायचंय?" म्हणे, सरकार आता होमऐवजी घरीच मदत पाठवतं. बाई येईल, अंघोळ घालेल, दुपारी डबा येईल, गळ्यात बटण असेल, दाबलं की माणूस हजर. तीन वर्षांत मला विचारलं काय होतं लोकांनी? सूप की जेली! रडले मी, लपवू कशाला? म्हटलं, "माझ्या घरी राहायचंय. आणि शुक्रवारी माझ्या मैत्रिणीबरोबर, डोलोरेसबरोबर, तळलेला मासा खायला जायचंय." की क्रेग लगेच, "आणि पडलीस तर?"

त्याचंही खरं आहे हो. स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली मी त्यालाच सापडले होते. पोरगं घाबरलंय. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण एकदा जरी पडलीस, तर परत होम. कबूल?" कबूल, म्हटलं. करते काय!

तर आले घरी. सकाळी मदतीला मायली येते, लाओसहून इकडे आलेल्या हमोंग लोकांतली आहे, मला आजी म्हणते. "आजी, नुसत्या बसू नका, गाजरं चिरा!" सुरी देते हो हातात! क्रेग मात्र दर रविवारी हजर. सतरंज्या उचलल्या, स्टूल लपवलं, आणि पालुपद तेच.

आता आमच्याकडे निरोप घ्यायचा म्हणजे "बरं तर मग" म्हणत गुडघ्यावर थाप मारायची आणि पुढे तासभर निघत राहायचं. स्वयंपाकघरात एकदा, दारात एकदा, पायरीवर एकदा. त्या रविवारी मी दारात उभी, आणि हा उलट्या पावलांनी पायऱ्या उतरतोय, बोट माझ्यावर रोखलेलं, "एकटी बाहेर येऊ नकोस, पायऱ्यांवर बर्फ आहे, तू जर पड..."

वाक्यसुद्धा पुरं झालं नाही हो! स्वतःच घसरला, घोटा मोडला! मी आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबलं. त्यातून बाई विचारते, "आर्डिस, तुम्ही पडलात का?" म्हटलं, "मी उभी आहे! मुलगा पडलाय!"

दवाखान्यात काय सांगितलं असेल? "घरी कुणी नाही ना तुमच्या? दोन आठवडे होममध्ये राहा." क्रेगनं माझी बाहीच धरली. एवढा साठीचा बाप्या, म्हणतो, "आई, तिकडे नको." तोंडाशी आलं होतं माझ्या, अगदी तोंडाशी... पण गिळलं. आई ना मी.

तर आता तो माझ्या सोफ्यावर. मायली येते माझ्यासाठी, आणि गाजरं दोघांना चिरायला लावते. परवा सकाळी हा कुबड्या सोडून, एका पायावर, कॉफी घ्यायला उठला. आणि माझ्या तोंडून, माझ्याच हो, निघालं, "क्रेग! बस खाली! आणि पडलास तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "आई, बटण आहे ना तुझ्या गळ्यात?"

आहे, म्हटलं. जा, घे कॉफी. माझाही कप भर... आता घाबरायची पाळी माझी, दुसरं काय!