कान्हूची दोरी

— नाय, नाय, बाई, तिथं पाय नका ठेवू, वरनं सुकल्यासारखा दिसतो, खाली गळ्याइतका चिखल हाय. हितं बांधावर बसा. मी आपली जवळा निवडत बसते, तुमी बोला. हिरामण सांगत व्हता — माझा पुतण्या हो, धाटावच्या कंपनीत जातो, त्यानंच तर पेणच्या स्टँडवरनं आनलं तुमाला — म्हनं, काकी, त्या इमानातल्या पायलटची बहीन आलीय रोह्याहून, सरोजिनीबाई, जागा दाखव. जागा काय दाखवू? ही समोर दिसते तीच. त्या खांबांच्या अल्याड. काय नाय तिथं आता. मिलिटरीचे लोक आले, बांबू घातले, गळ घातले, पंखाचा पत्रा तेवढा हाताला लागला, बाकी चिखलानं दिलं नाय. तुमी इतक्या वर्सांनी कशा काय? — आई व्हती तवर येऊ देत नव्हती? व्हय. आईचं तसंच असतं. आता गेली? — बरं.

तर काय सांगत व्हते — ओहोटी व्हती. आमी मिठागरावर मीठ ओढत व्हतो, मी नि माझा घरवाला, कान्हू. पुढं पंखा नसलेलं इमान तवा कोनी बघितलं व्हतं? मुंबईकडनं आलं, आवाज नाय, काय नाय — आवाजच बंद पडला व्हता त्याचा, म्हनून तर — नि आलं ते सरळ चिखलावर पोटावर. सरकत गेलं, नाक रुतलं, थांबलं. कान्हू म्हनला, होडी रुतावी तसं रुतलंय. आता बाई, रुतलेली होडी आमी ओढत नाय, ओढली का फुटते. दोरी बांधायची, काठाशी धरून बसायचं, भरतीची वाट बघायची. पानीच उचलतं तिला, मग अल्लद आनायची. आज्या-पंज्यापासून हेच. कान्हू फळीवर पालथा पडला नि सरकत गेला, कमरेला दोरी. तिथं पोचला नि कमरेची दोरी सोडून इमानाच्या शेपटीला बांधली. हिकडं आख्खा गाव दोरी धरून उभा. नि तो तिकडनं वरडला — जिता हाय! काचेतनं हात हलवतोय, जिता हाय! —

काय झालं? पानी देऊ? तुमाला काय कळवलं व्हतं? जागच्या जागी गेला म्हनून? — व्हय. व्हय, मग तसंच आसंल. माझं म्हातारीचं काय धरता. जागच्या जागीच गेला... नाय. खोटं कशाला बोलू, तुमी इतक्या लांबनं आल्यात. जिता व्हता. काच उघडंना, कान्हूनं कोयता मारला तरी फुटंना. मग तो तिथंच बसला काचेवर हात ठेवून. तुमच्या भावानं बी आतनं हात लावला — कान्हू सगळं वरडून सांगे, आमी ऐकत. हसतोय म्हनला. पोर हाय रं, मिसरूड बी नीट नाय म्हनला. पानी लागलं तसं मी हाका मारल्या, आता ये मागं. तो म्हनला, उचलंल आता, सगुणे, ह्याला एकटा सोडून कसा येऊ.

उचललं नाय. लोखंडाचं ते. पानी चढलं नि ते खाली गेलं. आमी दोरी ओढली, ताठ झाली, मग सैल झाली. झालं.

कुंकवाकडं काय बघता? लावते मी. सासू म्हनली, मानूस दिसला नाय तर पुसायचं कशाला. सर्वपित्रीला तुमच्या भावाचं पान वाढते, मासळी वाढते — तुमच्यात चालत नसंल, मला काय ठावं. कान्हूचं पान नाय वाढत. रडू? नाय येत आता. भरती येते, जाते, मी जवळा निवडते.

हा डबा कशाला काढलात? माती न्यायची? नदीत सोडाया? — न्या की. थांबा, मीच काढून देते, तुमचा पाय रुतंल. हां. घ्या... नि सोडताना कान्हूचं बी नाव — नाय. नको. त्याचं नाव नका घेऊ. डबा द्या हिकडं. द्या गो बाय, तुझा किती नि माझा किती, कोन सांगनार? तुझा तू नेलास तर माझा एकटा पडंल तिथं. हे बघ, ओतला परत. रागावू नको.

ऊठ आता. हिरामण थांबलाय, नागोठण्याची एश्टी चुकंल. भरती लागली.