साहेब खड्ड्यात उतरले तेव्हा

चहा पिता पिता ऐका. दुष्काळात चकलांब्याला आमी बाया रोजगार हमीवर तळ्याचा खड्डा खोदत होतो. खोली मोजायला मधे मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा असतो. आमच्या गयाबाईनं काम नीटनेटकं दिसावं म्हणून तोच खोदून टाकला!

मोजमापाला आलेले साहेब म्हणाले, "खुंट नाही, मग खोली कशावरून धरू? आठवड्याचं काम बाद."

बाया रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "साहेब, आत उतरून तर बघा."

त्यांनी तावातावानं उडी मारली. वर मात्र चढता येईना.

"मावशी, हात द्या!"

"देते की. खोली पटली का, ते आधी सांगा."

"पटली! वही खाली टाका, लिहितो. अन् मग मला वर घ्या."