सगळी कार्डं लागली

'लेकरू जिथे ठेवशील, तिथे त्याच्याकडे बघणारं कोण आहे ते आधी विचार,' असं सासूबाई मला म्हणाल्या होत्या. मी पाळणाघराच्या रंगवलेल्या भिंती बघत होते. 'हो हो' म्हणून मोकळी झाले! तर मंडळी, आजच्या कीर्तनाचा प्रश्न — घर मोठं झालं, की घरातलं माणूस दिसेनासं का होतं? पेटी जरा हळू, दादा. ऐका!

एक होते विश्वंभरराव. उजाड माळावर त्यांनी मुलींसाठी खासगी निवासी विद्यापीठ काढलं. पत्र्याची शेड, मूठभर पोरी, आणि जेवायला वाढणारी त्यांची बायको, उमावहिनी. पंगत बसायची. रीत अशी, की शेवटची पोर पानावर बसल्याशिवाय श्लोक नाही! एखादी दिसली नाही, की वहिनी पळी घेऊन थेट खोलीवर — "काय गं, रुसलीस? आमटी निवतेय तिकडे!"

मग भरभराट! दहा वर्षांत इमारतीला इमारत लागली. मेडिकल आलं, इंजिनीअरिंग आलं, लिफ्ट आली! श्लोक? तो स्पीकरवर! पंगत गेली, कार्ड आलं. कार्ड लावा, ताट उचला. वहिनींच्या हातातली पळी गेली, पुष्पगुच्छ आला. हसताय? हसून घ्या. पुढे हसू यायचं नाही.

केतकी नावाची पोर. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले. घरी सांगायची लाज! अंथरुणातून उठेना, खाईना. खोलीतली पल्लवी म्हणाली, "तुझं कार्ड दे, ताट वर आणते." आणायची हो रोज! केतकी हात लावायची नाही. मग ते ताट पल्लवीच संपवायची — अन्न टाकायचं कसं? तिला वाटलं, टेन्शन आहे, निवळेल.

दशकपूर्तीचा सोहळा आला. श्रीखंड-पुरी! वहिनींनी हट्ट धरला, "आज मी वाढणार." वाढता वाढता थबकल्या.

"सगळ्या आल्या का रे?"

मॅनेजर हसला. "काळजी नको, वहिनी. सगळी कार्डं लागलीत!"

"कार्डांचं नको सांगूस. पोरी आल्या का?"

पल्लवीच्या हातातली वाटी खाली पडली. "केतकी... तिचं कार्ड मीच लावलं. ती सकाळपासून झोपलीय. मी उठवलं नाही."

वहिनी जिन्यानेच धावल्या. दार लोटलं. खाली स्पीकरवर श्लोक चालूच. "केतकी! ए बाळ!"

बाळ उठलं नाही, मंडळी.

तिची आई आली, ती एकच बोलत राहिली — "फोनवर रोज विचारायचे हो मी, जेवलीस का. हो म्हणायची."

थांबा, आरतीला उठू नका. केतकीसाठी आता कुणाला काही करता यायचं नाही. पण पल्लवी? शिक्षण सोडून घरी बसलीय ती. कुणी तिला दोष देतं, कुणी बोलतच नाही. तिचं खरं नाव मी सांगितलेलं नाही. पण कॉलेज अर्धं टाकून आलेली, चारचौघांत न दिसणारी पोर तुमच्या गल्लीतही असेल. कोण ते आता आठवलं ना? मग घरी जाताना तिच्याकडे जा. आतून 'मी बरी आहे' असं आलं, तरी परत फिरू नका. ती बाहेर येईपर्यंत पायरीवर बसा.