तिसऱ्या खाटकाकडचा ससा

"मावशी, याचा गळा चिरलेला नाही, हा हलाल नाही. मी सुरी लावणार नाही!"

"अरे, रत्नागिरीचा ना तू? म्हातारीला असं दारातून परत पाठवतात तुमच्याकडे?"

काय सांगू, कुवेतमधल्या फरवानियातला हा तिसरा खाटीक. मुलाच्या कुवेती साहेबाने आपल्या ससाण्याने मारलेला ससा आमच्याकडे पाठवला होता. आमचे हे आजारी, आठ दिवस नुसत्या पेजेवर, आणि मागत होते ते एवढंच, सशाचं सुकं. गावी मी कितीतरी ससे सोललेत, पण आता बोटं वाकडी झालीत, सुरी धरवत नाही. म्हणून भांडत होते. त्याचा बाप काढला, आजा काढला.

शेवटी तोच हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ससाणा सोडताना साहेबाने अल्लाचं नाव घेतलं होतं, एवढंच सांगा. मग शिकारही हलाल होते. तुमच्या शब्दावर कापतो."

घरी यांचे डोळे दाराकडे लागलेले. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. जन्मभर खरेपणाची फुशारकी मारली, ती नेमकी तिथे आडवी आली.

पिशवी उचलली नि म्हटलं, "मला ठाऊक नाही रे बाबा, आणि माझ्या नवऱ्यापायी तुला मी फसवणार नाही."